हाडे, सांधे आणि घरातील वडील माणसे

या स्मरणिकेत देणगीदारांच्या नामावलीनंतर एकदम हाडांवरचा लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. परंतु हृदयविकार व कर्करोग यांच्या जोडीने आज कुटुंबाची घडी विस्कटून टाकणारी जी तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे घरातील वडील माणसाचे पडणे. आजी न्हाणीघरात पाय घसरून पडतात, त्यांना उठता येत नाही, आणि पुढील दोन दिवसांत घरची मंडळी जे ठरवतील त्यावर त्या पुन्हा देवघरापर्यंत आपल्या पायांनी जातील की नाही हे बव्हंशी अवलंबून राहते. हा निर्णय घाबरलेल्या मनाने व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने घेतला जातो. तो थोड्या माहितीने घेतला जावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात २०६ हाडे असतात, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. सुश्रुताने ती ३०० सांगितली आणि चरकाने ३६०. यावरून प्राचीनांना मोजता येत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. त्यांची मोजण्याची रीत निराळी होती. चरकाने दात व नखे यांनाही हाडांतच धरले आहे. तान्ह्या बाळाची मोजदाद केली तर तीही २०६च्या पुष्कळ वर जाते, कारण जन्मतः सुटी असलेली अनेक हाडे पुढे एकमेकांस जुळून एक होतात. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी हे असे पाच मणक्यांचे मिळून झालेले एकच हाड आहे.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेच्या कपाटातील कोरडी, पांढरी वस्तू उभी राहते, आणि गैरसमजाची सुरुवात तेथेच होते. जिवंत हाड ओलसर, गुलाबी झाक असलेले व रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. त्याची घडण कशी आहे हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. कोंबडीचे हाड काही दिवस सौम्य आम्लात बुडवून ठेवले की त्यातील क्षार विरघळतात. आकार तसाच राहतो, पण हाड रबरासारखे वाकते. दुसरे हाड विस्तवात जाळले की त्यातील तंतू जळून जातात. आकार पुन्हा तसाच, पण बोटाने दाबताच भुगा होतो. म्हणजे सिमेंटच्या बांधकामात सळया असतात तशीच ही रचना होय: क्षारांमुळे कठीणपणा आणि तंतूंमुळे चिवटपणा. (शाकाहारी घरांनी हा प्रयोग वाचूनच समाधान मानावे.)

या बांधकामाची दुरुस्तीही अखंड चालू असते. एका जातीच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवे भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी अशा रीतीने नवा होतो. कोठे भरावयाचे व कोठे काढावयाचे हे पुष्कळसे त्या हाडावर पडणाऱ्या भारावर ठरते. जर्मन शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ याने १८९२ मध्ये हा नियम ग्रंथरूपाने मांडला. जे हाड राबते ते भरते, जे पडून राहते ते झिजते. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या प्रवाशांच्या कमरेची व मांडीची हाडे महिन्याला एक टक्का किंवा त्याहूनही थोडी अधिक घटतात. त्यासाठी अंतराळातच जावे लागते असे मात्र नाही. महिनाभर खाटेवर पडून राहिले तरी हाडे झिजू लागतात.

याखेरीज हाडे म्हणजे शरीराची पेढीही आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत साठवलेले असते. उरलेल्या एक टक्क्यावर हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन व रक्ताचे गोठणे चालते. त्यामुळे आहारातून पुरेसे आले नाही तर शरीर कोणालाही न विचारता पेढीतून उचल करते. ही ठेव वयाच्या पंचवीस-तिशीपर्यंत वाढत जाते, काही वर्षे स्थिर राहते व नंतर उतरू लागते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ही उतरण फार जलद होते. हाडांच्या या पोकळ व ठिसूळ होण्यास डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही, सुजत नाही, ताप आणीत नाही. त्याची पहिली खबर पुष्कळदा मोडलेल्या हाडानेच मिळते. आजींची उंची कमी होत जाते, पाठीला पोक येते आणि आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. त्यातील कित्येक वेळा पाठीचा एखादा मणका आपोआप दबून चेपलेला असतो. तोही अस्थिभंगच होय. साठी उलटलेल्या स्त्रीची उंची दोन-तीन बोटे कमी झाली, किंवा किरकोळ पडण्याने मनगट मोडले, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा ही तपासणी करून घ्यावी. ती वेदनारहित आहे, थोड्या मिनिटांत होते आणि ठिसूळपणा आढळल्यास त्यावर आज चांगली औषधे आहेत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर हे विचारावेच. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, हे लक्षात असू द्यावे.

आहाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रौढास दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एक पेला दुधातून किंवा तेवढ्याच दह्यातून त्याचा साधारण चौथा हिस्सा मिळतो. नाचणीत शंभर ग्रॅमांस तीनशे मिलिग्रॅमहून अधिक असते आणि तिळात तर त्याहून पुष्कळ जास्त. धान्ये व तेलबिया यांतील सर्वच कॅल्शियम अंगी लागत नाही ही गोष्ट निराळी. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे मराठवाड्यातून येथे आली ती ज्वारीची भाकरी व ताक घेऊन. आता ताटात तांदूळ वाढला व पेल्यात ताकाच्या जागी चहा आला. हा बदल हाडांच्या दृष्टीने काही फायद्याचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नुसते कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. ते आतड्यातून शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः उन्हाने त्वचेत तयार होते आणि यकृत व मूत्रपिंड यांतून जाऊन कार्यक्षम होते. ते कमी पडले की मुलांना मुडदूस होतो, पायांना बाक येतो. मोठ्यांची हाडे मऊ होऊन अंग ठणकते, मांड्यांत जोर राहत नाही. हैदराबादसारख्या उन्हाच्या गावात हे जीवनसत्त्व कमी पडावे ही चमत्कारिक गोष्ट खरी, पण तपासण्यांत ते सर्रास कमी आढळते. याचे एक कारण आपण दिवसभर छपराखाली असतो हे, आणि दुसरे कारण एक आवडता समज. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ते सुखद असते. परंतु ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व बनते ते किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच अडतात. ते मिळतात साधारण अकरा ते दोनच्या उन्हात. त्या वेळी हात, पाय व चेहरा उघडे ठेवून काही मिनिटे बसावे, चटका बसेपर्यंत नव्हे. खिडकीच्या बंद काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. वृद्धांच्या त्वचेची ही शक्ती कमी झालेली असते, म्हणून त्यांना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध घेणेच सोयीचे. मात्र आठवड्याला एक घ्यावयाची गोळी रोज घेऊ नये. या जीवनसत्त्वाचा अतिरेक विषासारखा होतो.

पाण्याविषयीही या प्रदेशात बोलल्याशिवाय राहवत नाही. हैदराबादच्या शेजारचा नलगोंडा जिल्हा भूगर्भातील पाण्यात मिसळलेल्या फ्लोराइडमुळे देशभर ओळखला गेला. थोडे फ्लोराइड दातांस हितकर, पण लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले की दातांवर डाग पडतात, सांधे व पाठीचा कणा आखडतो, आणि हाड वजनाने वाढूनही कामास निरुपयोगी होते. जुन्या मद्रास इलाख्यातील या रोगाचे वर्णन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. तुरटी व चुना घालून हे फ्लोराइड काढण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने बसवली व तिला नलगोंड्याचेच नाव मिळाले. पुढे नदीचे पाणी नळाने गावोगाव पोहोचू लागल्यावर परिस्थिती पालटली. पण एकदा वाकलेला कणा मात्र कोणत्याही औषधाने सरळ होत नाही. शहराच्या कडेला नव्या वसाहतीत कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्यांनी ते एकदा तपासून घ्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे खुब्याकडे वळू. मांडीचे हाड शरीरात सर्वांत लांब. वरच्या टोकाला ते आतल्या बाजूस वळून एक आखूड मान काढते, आणि त्या मानेच्या टोकावरचे चेंडूसारखे डोके कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसते. ठिसूळ झालेले हाड येथेच मोडते, मानेत किंवा मानेच्या जरा खाली. कूस बदलता येत नाही, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगास पडते. अशा माणसाला बखोटीला धरून उभे करू नये, तेल लावून चोळू नये. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून पाय सैलसर बांधावेत व सपाट फळीवर किंवा स्ट्रेचरवर न्यावे. कधी तुटलेली टोके एकमेकांत रुतून बसतात व माणूस लंगडत का होईना चालतो. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखणे राहिले तर ‘चालतात ना’ एवढ्यावर स्वस्थ बसू नये. साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही आणि तरी पाय टेकवत नसेल तर एम.आर.आय. काढण्याविषयी विचारावे.

मानेच्या मोडण्यात एक विशेष अडचण आहे. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेवरूनच वर चढतात. मान मोडून जागेवरून सरकली की त्या तुटू शकतात, डोके उपाशी राहते आणि हाड जुळून येणे अवघड होते. मानेच्या खाली मोडले तर रक्तपुरवठा शाबूत असतो व हाड जुळू शकते. पण त्यासाठी वजन लटकवून कित्येक आठवडे पडून राहावे लागते, आणि वृद्ध शरीराला हे पडून राहणेच सोसत नाही. फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला खाटेचे व्रण पडतात, पोटरीत रक्ताची गुठळी होते, लघवीत जंतू होतात, मन भ्रमिष्ट होते. आजींना मरण येते ते मोडलेल्या हाडाने नव्हे, तर खाटेने.

म्हणून येथे शस्त्रक्रियेचा हेतू काय तो नीट समजून घेतला पाहिजे. हाड जुळवणे हा तिचा एक भाग झाला. खरा हेतू रुग्णास लवकरात लवकर खाटेवरून उठवणे हा आहे. ‘आता या वयात शस्त्रक्रिया कशाला? सोसेल का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, आणि तो मायेपोटीच निघतो. पण त्याची दुसरी बाजू विचारात घेतली जात नाही. शस्त्रक्रियेला धोका आहेच, परंतु न करण्याला बहुधा त्याहून अधिक धोका आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक नियम असे सांगतात की रुग्ण दाखल झाला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. रक्तदाब, मधुमेह, हृदय यांची तपासणी अवश्य करावी, पण अमेरिकेहून मुलगा येईपर्यंत किंवा अमावास्या टळेपर्यंत थांबू नये. आम्ही उगाच आशा दाखवीत नाही. उत्तम उपचार मिळूनही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चौघांमागे एक वर्षभरात जातो, आणि जगलेल्यांपैकीही पुष्कळांची चाल पूर्वीसारखी होत नाही. पण उरलेल्या तिघांत आपली आजी असावी यासाठी जे आपल्या हाती आहे ते त्या पहिल्या दोन दिवसांतच आहे. जो आधीच अंथरुणाला खिळलेला आहे व ज्याचे दिवस भरत आलेले आहेत, त्याचा विचार निराळा; तेथेही वेदना थांबवण्यापुरती शस्त्रक्रिया कधी कधी करतात. डॉक्टरांना मोकळेपणे विचारावे.

ही शस्त्रक्रिया एका दिवसात आपल्या दारी आलेली नाही. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ च्या सुमारास तीन पाकळ्यांचा खिळा मानेतून ठोकण्यास आरंभ केला, आणि या रुग्णांना प्रथमच खाटेवरून उठण्याची संधी मिळाली. पुढे कृत्रिम सांधा आला. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी पोलादी डोक्यासाठी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती थोड्याच वर्षांत झिजली व अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. चार्नली खचले नाहीत. टेफ्लॉनचे व नव्या प्लॅस्टिकचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत बसवून पाहिले आणि नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी वापरावयास घेतली. आज जगभर जे खुबे बदलले जातात ते याच परंपरेतले. खर्चाची चिंता असणाऱ्या सभासदांनी हेही जाणून असावे की केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. कार्ड पडण्याच्या आधी काढून ठेवावे.

हाडवैद्यांचा प्रश्न टाळून चालणार नाही. या बाजूस तिरुपतीजवळचे पुत्तूर गाव हाडे बसवण्यासाठी फार प्रसिद्ध आहे आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तेथील पट्टीच्या गोष्टी सांगितल्या जातात. या विद्येची थट्टा करणे आम्हास योग्य वाटत नाही. इंग्लंडात अस्थिशस्त्रक्रियेचा पाया घालणारे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधील हाडवैद्यांच्याच घराण्यातले होते. त्यांनी बनवलेला लोखंडी सांगाडा त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात वापरात आणला, आणि मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या सैनिकांत मृत्यूचे जे प्रमाण शेकडा ऐंशीच्या घरात होते ते वीसच्या खाली आले. पण थॉमस यांनी वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले होते. ज्यास चित्र काढून पाहता येत नाही व ज्यास नाडी व मज्जातंतू यांची जाण नाही, त्याच्या हाती सर्वांत मोठा धोका असतो तो लहान मुलांच्या कोपराचा.

पाच-सात वर्षांचे मूल झोपाळ्यावरून हातावर पडते, कोपराच्या वरचे हाड मोडते व सूज येते. त्यावर बांबूच्या कामट्या घालून घट्ट पट्टी बांधली की आत रक्त पोहोचत नाही. सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात, आणि पुढे हात आयुष्यभर पंजासारखा आखडून राहतो. जर्मनीतील फोल्कमन यांनी हे १८८१ मध्ये लिहून ठेवले. ते आजही घडते. प्लॅस्टर रुग्णालयात घातलेले असले तरी हीच खूण लक्षात ठेवावी: मूल थांबेनासे रडते, बोटे सरळ करू गेल्यास किंचाळते, बोटे फिकट किंवा थंड पडतात, त्यांस मुंग्या येतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये; पट्टी सैल करावी आणि रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालयात जावे. दुखावलेले कोपर तेलाने रगडणेही वाईटच. त्याने स्नायूतच हाड धरते व कोपर कायमचे अडते.

गुडघ्यांचे दुखणे जिवावरचे नाही, पण घरोघरी आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्त नाही व संवेदनाही नाही. चालताना ती स्पंजासारखी दबते व सुटते, तेव्हा सांध्यातील वंगण तिच्यात शिरते व तिचे पोषण होते. म्हणून दुखते म्हणून बसून राहणे हा उपाय नव्हे. अंगाचे वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरावा, दहा अंक मोजावेत व खाली सोडावा. याने मांडीच्या पुढचा स्नायू बळावतो आणि तोच गुडघ्याचा खरा आधार. ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत त्यांनी उकिडवे बसणे सोडावे. पूजेला पाटाऐवजी खुर्चीवर बसले तरी देव रागावत नाही.

कंबरेत उसण भरते ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप जाते, आणि एक-दोन दिवसांहून अधिक पडून राहण्याने ती उलट लांबते. मात्र पायात जोर न राहणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, सोबत ताप व वजन उतरणे, ही चिन्हे असतील तर तो निराळाच मामला समजावा. पाठीच्या मणक्याचा क्षय आपल्या देशात अजून आहे व वेळीच ओळखल्यास तो औषधाने बरा होतो. खांदा आखडून वेणी घालता येईना किंवा सदरा चढवता येईना, तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेही माणसांत हे विशेष आढळते.

पडू नये म्हणून काय करावे, हे बहुतेकांना ठाऊकच असते. करावयाचे राहून जाते. न्हाणीघरात भिंतीला धरावयाची दांडी, रात्री उजळणारा मंद दिवा, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, झिजलेल्या सपाता टाकून देणे. झोपेच्या गोळ्या व रक्तदाबाच्या औषधाने उठताच चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगणे.

आणि काठी. ती घेण्यास पुरुषमंडळी लाजतात आणि घेतली तर चुकीच्या हातात धरतात. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, व ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडावी. एका पायावर उभे असताना खुब्याच्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण कंबर कलू नये म्हणून बाजूच्या स्नायूंना जोराने ओढावे लागते. विरुद्ध हातातील काठी तो ताण वाटून घेते. उंची अशी की हात सरळ खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. खाली रबराचे बूच असावे, आणि ते गुळगुळीत झाले की बदलावे.